हळदीकुंकू लागलेली सळई

संपादकांनी चळवळीवर लेख मागितला होता. मी नाही म्हटलं. चळवळीवर मी रोजच लिहिते. पाणी कुठे मुरतं, गोडदेवचं गटार उघडं का राहतं, फुटपाथ कुणाच्या दुकानात घुसला, ही सगळी पत्रकं माझीच असतात. लोक ती घेतात, वाचतात आणि घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालतात. त्यामुळे निदान टेबलं तरी स्थिर होतात. या वेळी मी नोकरीवर लिहिणार आहे. तिच्यावर आजवर एकही पत्रक काढता आलेलं नाही आणि त्याची मला चीड आहे.

मी सळया विकते. भाईंदर पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीत, एका लांबट गाळ्यात. आजूबाजूला भांड्यांचे कारखाने आहेत. दिवसभर पत्रे ठोकले जातात, वाट्या घासल्या जातात, आणि बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. घरी आई म्हणते, मोर्च्यांमुळे तुझा आवाज चढलाय. नाही गं आई, वाट्यांमुळे चढलाय.

आमच्या गाळ्यात माल बनत नाही, फक्त कापून विकला जातो. भिंतीला रॅक आहेत आणि त्यात गोल सळया आडव्या झोपलेल्या असतात. गिऱ्हाईक येतं, जाडी सांगतं, लांबी सांगतं. बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत, ती सुरू होते आणि तुकडा पडतो. करवतीवर दळवीमामा असतात. मूळचे राजापूरकडचे. या वसाहतीत त्यांचं केस ते टक्कल असं सगळं आयुष्य गेलं. स्वतःविषयी त्यांचं मत फार चांगलं आहे. बसल्याबसल्या सांगतात, माझ्यासारखा कापणारा ठाण्यापासून विरारपर्यंत दाखव. मी म्हणते, मामा, मधे वसईची खाडी आहे, माशांनाही विचारू का?

शेठ गुजराती. कांदासुद्धा न खाणारे, आवाज न चढवणारे, आणि नवीन काही विकत घ्यायचं म्हटलं की ज्यांना एकदम कमी ऐकू येतं असे. मला ते प्रज्ञाबेन म्हणतात. स्टॉक ठेवणं, माल पाठवणं आणि फोनवर शिव्या ऐकणं, ही माझी खाती.

आता त्या सळईबद्दल सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. आमच्याकडे दोन जातींचा माल जास्त चालतो. (जात हा शब्द सळईसाठीच वापरावा, माणसासाठी नाही, हे पत्रकात छापलेलं माझं जुनं वाक्य आहे.) एक तीनशे चार, म्हणजे तुमच्याआमच्या घरातल्या भांड्यांचं स्टेनलेस स्टील. दुसरी सातशे अठरा. ही राणी. निम्म्याहून जरा जास्त निकेल, पाचवा हिस्सा क्रोमियम, उरलेल्यात बरंचसं लोखंड आणि मग चिमूटचिमूट मसाले: नायोबियम, मॉलिब्डेनम, टायटॅनियम. ती भट्टीत तापवून, धीराने मुरवून कडक करतात. साधं लोखंड लालभडक तापलं की गुळाच्या पाकासारखं लोळायला लागतं. ही लाल होते आणि तरी ताठ उभी राहते. म्हणून विमानाच्या इंजिनात, गॅसच्या टर्बाइनमध्ये, तेलाच्या विहिरीत, जिथे नरक असतो तिथे हिला पाठवतात. खारी हवा, आम्ल, उष्णता, कशाचंच हिला काही वाटत नाही. आमच्या खाडीच्या वाऱ्यात सायकलीचं हँडल, खिडकीची जाळी, महापालिकेचं आश्वासन सगळं गंजतं. ही तशीच हसत पडलेली असते.

आणि हिचा स्वभाव काय वर्णावा. कापायला गेलात आणि हत्यार जरा थबकलं, नुसतं घासलं, तर ही चिडते आणि घासलेल्या जागी आणखी कडक होते. मग तिथे पुन्हा हत्यार लावलं की हत्याराचंच टोक उडतं. हिला कापायचं तर वेग कमी ठेवून, दाब पुरेसा देऊन, भरपूर पाणी सोडत, न थांबता आत शिरायचं. मला ही सळई पहिल्याच आठवड्यात आवडली. निवेदन देऊन देऊन प्रशासन असंच कडक होतं, हे मी आमच्या चळवळीच्या मंडळाच्या बैठकीत सांगितलं. टाळ्या पडल्या. मग सर्वानुमते आणखी एक निवेदन द्यायचं ठरलं.

एवढे गुण, पण दिसायला ती अगदी तीनशे चारसारखी. तोच रंग, तीच चकाकी. चुंबक दोघींनाही चिकटत नाही. वजनात किंचित फरक आहे, पण छोट्या तुकड्यात तो हाताला कळत नाही. मामांना कळतो असं मामा म्हणतात. त्यांनाही कळत नाही, हे या लेखात पुढे सिद्ध होईल.

मग ओळखायची कशी? जाड सळईवर नंबर ठोकलेला असतो. बारीक सळईच्या टोकाला रंग देतात. लाल म्हणजे निकेलची राणी, पिवळा म्हणजे साधं स्टील. म्हणून आमच्या धंद्यातला पहिला कायदा असा, की रंगाच्या टोकाकडून कधी कापायचं नाही. उलट्या बाजूने कापत यायचं, म्हणजे शेवटच्या तुकड्यावरही रंग राहतो. रंग गेला की सळई बेवारस. धातू ओळखणारं पिस्तुलासारखं एक यंत्र मिळतं, ते टेकवलं की आतला सगळा मसाला पडद्यावर येतो. ते घ्या, असं मी शेठना नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून सांगतेय. शेठ म्हणायचे, "प्रज्ञाबेन, भगवानने डोळे दिले आहेत ना?"

दिले आहेत. आता त्या डोळ्यांनी काय केलं ते ऐका.

गेल्या वर्षीचा दसरा. गाळ्यात पूजा. मी पूजेत नसते. आमचं घर बौद्ध, आणि मी तर वरून पत्रकवाली. शेठना ते पहिल्या वर्षीच सांगितलंय आणि त्यांनीही कधी आग्रह केला नाही. मी दारात उभी राहते, झेंडूची तोरणं बघते. पूजेला हात लावत नाही, पेढ्याला लावते.

तर शेठ ताट घेऊन फिरत होते. करवतीला हळदीकुंकू, तराजूला हळदीकुंकू, संगणकाला हळदीकुंकू. मग ते रॅककडे वळले. बारीक सळयांच्या टोकांना कुंकू लावलं तर ते चिकटेना, भुरभुर खाली पडायला लागलं. शेठ कष्टी झाले. तेव्हा मामांच्या अंगात इंजिनिअर आला. त्यांनी ताटातली हळद एका वाटीत घेतली, कुंकू दुसऱ्या वाटीत, आणि दोन्हींत करवतीचं तेल ओतून कालवलं. म्हणाले, "आता बघा शेठ, पुढच्या दसऱ्यापर्यंत हलणार नाय."

शेठ खूश. खालच्या रॅकमध्ये सुटे तुकडे असतात. त्यातल्या एकेका तुकड्याच्या टोकाला त्यांनी अनामिकेने आधी हळद लावली आणि मग कुंकू. रंगाचे ठिपके होते बरोबर त्यावरच. दारात पेढा खात मी हे सगळं पाहिलं. मनात आलं, लाल आणि पिवळा, दोन्ही सगळ्यांना, हीच खरी समता. त्यापुढे काही माझ्याही डोक्यात आलं नाही. भगवानने दिलेले डोळे सगळ्यांचे सारखेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी. वसईचे नायरसाहेब मोठे व्हॉल्व्ह बनवतात. त्यांना व्हॉल्व्हच्या दांड्यासाठी सातशे अठराचा हातभर तुकडा तातडीने हवा होता. त्याच वेळी निळ्या शर्टातला कुणी एक माणूस रोख पैसे देऊन तीनशे चारचा तसाच तुकडा घेऊन गेला. खालच्या रॅकमध्ये त्या जाडीचे दोनच तुकडे होते, जवळजवळ एकाच लांबीचे. मामांनी दोन्हींची टोकं चिंधीने पुसून पाहिली, हळदीकुंकू हलेना, मग डोळे बारीक केले, दोन्ही हातांवर तोलून पाहिली आणि म्हणाले, "ही जड. ही राणी."

काही दिवसांनी नायरसाहेबांचा फोन आला. त्यांच्याकडे ते पिस्तूल आहे. टेकवलं तर राणी नव्हती, घरची वाटी होती. ते शेठना फोनवर फार लागेल असं बोलले. शेठचा आवाज तेव्हाही चढला नाही. फोन ठेवून ते करवतीपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "दळवी, आपला निकेलचा पीस कुठे गेला?"

मामांना वाटलं चूक विचारतायत. शेठ चोरी विचारत होते. शेठचं म्हणणं असं, की इतकी वर्षं कापणारा माणूस राणी आणि वाटी यांत चुकूच शकत नाही. म्हणजे राणी बाहेर विकली आणि जागी वाटी ठेवली. बघा गंमत. मामांनी जन्मभर स्वतःची जी फुशारकी मारली, तीच त्यांच्या गळ्यात आली. मी कधी चुकत नाही असं रोज सांगणाऱ्या माणसाने मी चुकलो म्हटलं, तर कोण विश्वास ठेवणार?

शेठने शनिवारपर्यंत मुदत दिली. पीस आण, नाहीतर हिशेब घे. वसाहतीत बातमी जायला संध्याकाळ पुरते. मामांना या वयात दुसऱ्या गाळ्यात काम मिळालंही असतं. पण चोर म्हणून निघालेल्या माणसाला करवतीपुढे कोण उभा करणार? त्या दिवशी मामा डबा न उघडता बसले होते. मी म्हटलं, मामा, मी बोलते शेठशी. सरळ सांगते की चूक पूजेत झाली, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मामा म्हणाले, "तू नको बोलू गो. तू बोललीस तर ते म्हणतील पूजेवर बोलली. मग माझं राहील बाजूला."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. आला, कारण मामांचं खरं होतं. मी दारात पेढा खाणारी. माझ्या तोंडून हळदीकुंकू हा शब्द निघाला की तो आरोपच वाटणार. आणि तेल मामांनी ओतलेलं, त्यामुळे त्यांच्या तोंडून निघाला तर बहाणा. खरं काय ते दोघांना माहीत आणि दोघांनाही बोलता येईना.

मग एकच रस्ता उरला. राणी शोधायची. निळ्या शर्टवाल्याकडे ती साधं स्टील म्हणून गेली हे दिसलं, की चोरी संपली. पण सुट्या तुकड्याला आमच्याकडे बिल नसतं, नाव नसतं. निळा शर्ट या वसाहतीत निम्म्या लोकांचा असतो. मी रात्री घरी जाताना तोच विचार करत होते आणि इंद्रलोकच्या रस्त्यावर एकदम थांबले. एक बाई मागून आदळल्या.

अहो, त्या माणसाला शोधायची गरजच काय? तो आत्ता कुठेतरी शिव्या घालत असणार. त्याने स्टील समजून लेथला, म्हणजे कातायच्या यंत्राला, निकेल लावलंय. त्याची हत्यारं जळतायत, टोकं उडतायत आणि त्याला कळत नाहीये की आपलं कुठे चुकतंय. आपण फक्त शिव्यांचा माग काढायचा.

पत्रक. माझा जन्म ज्यासाठी झाला ती गोष्ट. मी ते उभ्याउभ्या झेरॉक्सच्या दुकानात लिहिलं:

"कारागीर बंधूंनो! आपल्या गाळ्यात साधी स्टीलची सळई अचानक माजली आहे काय? ड्रिल जळते काय? टूलचे टोक उडते काय? लाजू नका! दोष तुमचा नाही, सळईचा आहे! अन्याय सहन करू नका! दळवीमामांच्या गाळ्यावर त्वरित या!"

खाली तेच हिंदीत, फक्त माजलीला हिंदी शब्द सुचेना म्हणून तो तसाच ठेवला. आमच्या मंडळाची पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीच्या फाटकावर उभी राहिली. फाटकावरच्या वॉचमनला वाटलं युनियन येतेय. त्याने एक प्रत शेठकडे पाठवली. शेठने ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली, आणि मला विचारलं की यात अन्याय कुठला. मी म्हटलं, सवयीने लिहिलं.

आणि लोक यायला लागले. बापरे, किती लोक. या वसाहतीत प्रत्येकाची सळई माजलेली आहे हे मला माहीतच नव्हतं. एकजण आला, त्याचं ड्रिल दहा वर्षं धार न लावता वापरात होतं आणि ते आता जळतंय म्हणून तो नुकसानभरपाई मागत होता. एकाला मालकाविरुद्ध तक्रार करायची होती, सळई त्याच्याकडे नव्हतीच. एका पोराने पत्रक शांती नगरपर्यंत नेलं होतं, त्यामुळे डबे करणाऱ्या एक काकू सुरी घेऊन आल्या, कारण सुरण कापताना तिची धार जाते. मामांनी ती दगडावर लावून दिली. शोक चालू असतानाही त्यांना राहवलं नाही. वर म्हणाले, ठाणे ते विरार अशी धार मिळणार नाही.

गुरुवारी दुपारी इद्रिसभाई आले. मागच्या गल्लीत छोट्या लेथवर हॉटेलांचं सामान करून देणारा माणूस. पत्रकाची घडी खिशात, डोळे थकलेले. शर्ट पांढरा होता, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही.

"मॅडम, ये माजली मतलब क्या?"

म्हटलं, मस्ती में आ गयी.

"तो फिर हाँ," ते म्हणाले. "आयी थी."

उभ्या दांड्यावर चिकन फिरवत भाजतात त्या शोरमाच्या यंत्राचा मधला दांडा करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. एक टोक अणकुचीदार करायचं, दुसरं सपाट करून घासायचं. अणी काढता काढता तीन टूलं गेली. शेवटी दुसऱ्या टोकाला हात लावायची हिंमत झाली नाही, तसंच करवतीचं टोक ठेवून दांडा देऊन टाकला. वर आमच्याच मालाला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि त्यासाठी आता ते माफी मागायला आले होते. मामांनी त्यांना मिठी मारली. इद्रिसभाई घाबरले.

दांडा कुठाय? मीरा रोडला, शांती नगरमध्ये, फैजान नावाच्या पोराच्या गाडीवर. आम्ही तिघं रिक्षात बसलो. वाटेत मी हसायला लागले ते थांबेना. विमानाच्या इंजिनात फिरायला जन्माला आलेली राणी शांती नगरमध्ये कोंबडी फिरवत होती. मामा म्हणाले, "हस तू. माझा गुरुवारचा उपास आहे नि मी चिकनच्या गाडीवर चाललोय."

पोचलो तर गाडी नुकती लागलेली. दांड्यावर चिकनचा गरगरीत मनोरा, अजून एक थर उतरलेला नव्हता. बाजूला ज्वाळा. दांडा त्या मनोऱ्याच्या पोटात. आम्ही फैजानला सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दीदी, आपकी बात सही है. लेकिन मुर्गी लगी हुई है. मुर्गी खतम, सरिया आपका."

कधी खतम होते? गाडी बंद करायच्या वेळी, रात्री उशिरा. तोवर शेठ झोपतात. आणि उद्या शुक्रवार, फैजानची सुट्टी, तो दांडा धुऊन, घासून घरी नेतो. जे काही त्या न घासलेल्या टोकावर उरलं असेल ते साबणाने जाणार.

मी फोन काढला. मंडळाच्या ग्रुपवर आजवरचं सर्वात यशस्वी आवाहन टाकलं: "दळवीमामांची नोकरी चिकनखाली अडकली आहे. भूक घेऊन या. ज्याने त्याने आपापला खर्च करायचा."

पाण्याच्या मोर्च्याला मी तीन-तीन वेळा फोन करते तेव्हा निम्मे येतात. इथे सगळे आले. गोडदेवहून आले, इंद्रलोकहून आले, कधी सभासदच नव्हते तेही आले. एकजण आजीला घेऊन आला. रांग रस्त्यापर्यंत गेली. रांग दिसली म्हणून अनोळखी लोकही लागले. फैजानची सुरी थांबेना. तो कापता कापता विचारत होता की तुमची संघटना रोज असते का. मामा गाडीच्या बाजूला, हातात केळं घेऊन, एकेक थर उतरताना बघत होते. एका पोराने विचारलं, मामा कसं वाटतंय? म्हणाले, "माझ्या नावाने एवढी माणसं आजपर्यंत जेवली नव्हती. बाराव्यालाही येतील का सांगता येत नाही."

मनोरा बारीक झाला तसा मी शेठना फोन केला. आपला पीस मिळालाय, या, एवढंच सांगितलं. शेठ स्कूटरवरून आले, गाडी बघितली आणि रस्त्याच्या पलीकडेच थांबले. शहाळेवाल्यापाशी, रुमाल नाकाला लावून.

शेवटचा तुकडा रांगेतल्या त्या आजींनी खाल्ला. फैजानने ओल्या फडक्याने दांडा उपसला आणि उंच धरला. रांगेतून टाळ्या. इतके दिवस ज्वाळेशेजारी फिरून तो वाकला नव्हता, त्याला पापुद्रा आला नव्हता. इद्रिसभाईंनी पिशवीतून हातात धरून चालवायचं ग्राइंडर काढलं आणि फैजानच्याच प्लगला जोडलं. फैजान म्हणाला, "अरे मेरा सरिया." पण तोवर दगड टेकला होता.

साधं स्टील दगडाला लागलं की पिवळ्या ठिणग्यांची लांब शेपटी उडते. निकेलची राणी कंजूष असते. आखूड, काळपट लाल, आळशी ठिणग्या, उडाल्या तर उडाल्या. रस्त्यापलीकडून शेठना चिकन दिसत नसेल एक वेळ, ठिणग्या दिसल्या. त्यांनी रुमाल खाली घेतला. आणि रस्ता ओलांडला.

मामा म्हणाले, "शेठ, सातशे अठरा." शेठ म्हणाले, ते कळलं. पण ही इथे आली कशी, चुकून की कुणी आणली, ते कुठे कळतंय?

मी तोंड उघडलं होतं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी ते बंद केलं. त्यांनी फैजानकडून दांडा घेतला, उलटा केला, आणि यंत्राच्या खाचेत बसणारं ते न घासलेलं टोक शेठसमोर धरलं. शेठ हात लावणार नाहीत हे माहीत असल्यामुळे जरा लांबूनच.

करवतीच्या बारीक रेघा होत्या. रेघांत तेल साचलेलं होतं आणि तेलात हळद. हळदीवर कुंकवाचं बोट, अगदी अनामिकेएवढं. खालच्या लाल रंगाचा एक कोपरा त्यातून डोकावत होता. मामा खोटं बोलले नव्हते, हललं नव्हतं.

शेठ वाकले. चष्मा वर केला. कितीतरी वेळ ते त्या टोकाकडे बघत होते, आणि मग आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे. गाडीभोवतीची सगळी गर्दीही वाकून बघायला लागली, काय बघायचं ते निम्म्यांना माहीत नसूनही.

"हे तर मी लावलं," शेठ म्हणाले.

मामांनी दांडा फैजानच्या हातात परत दिला.

शेठने रुमाल घडी करून खिशात ठेवला. स्कूटरपाशी गेले, परत आले. "दळवी, उद्या लवकर ये. नायरसाहेबना मी सकाळी फोन करतो, सांगतो चूक आमच्या घरची."

इतकंच. माफी नाही. माझ्या पत्रकाच्या हिशेबाने ही घोर फसवणूक आहे. तीन दिवस एका माणसाला चोर म्हणायचं आणि वर लवकर ये म्हणायचं? मी मामांना म्हटलंसुद्धा, मागा माफी, मी आहे. मामांनी केळ्याचं साल माझ्या हातात दिलं आणि विचारलं, उपास आता सुटला असं धरायचं का. फैजानकडे त्यांच्यासाठी काही शिल्लक नव्हतं. आजींनी खाल्लं होतं.

राणीचं पुढे काय झालं, असं सगळे विचारतात. हिशेबाने ती गाळ्याची. पण कोंबडी फिरवून आलेली सळई शेठ रॅकमध्ये घेईनात, आणि विमानाचा माल भंगारात टाकायलाही त्यांचा जीव होईना. शेवटी म्हणाले, राहू दे पोराकडे. ती अजून तिथेच आहे. आजूबाजूच्या गाड्यांचे दांडे वाकतात, काळे पडतात, बदलले जातात. हिला काही होत नाही. जेटच्या दर्जाचा शोरमा खायचा असेल तर शांती नगरला जा, फैजानचं नाव विचारा. तो तुम्हाला ही गोष्ट सांगेल आणि त्यात तोच नायक असेल.

ते पिस्तूल अजून आलेलं नाही. हे मी इथे छापून ठेवते.

लेख द्यायला मी उशीर केला, म्हणून या वर्षीचा दसराही त्यात मावतोय. सकाळी तोरणं लागली, ताट तयार झालं. मी नेहमीप्रमाणे दारात उभी. शेठने आतून हाक मारली, "प्रज्ञाबेन, तुम्ही पूजेत नाही ना? तर मग इथे उभ्या रहा." आणि त्यांनी मला खालच्या रॅकसमोर उभं केलं, राखणीला. मी दोन्ही हात पसरून उभी राहिले. पूजेला हात न लावणारी बाई पूजेच्या मधोमध, अधिकृत. घरी कळलं तर आई आठवडाभर हसेल.

शेठ करवतीला कुंकू लावून झाले, तराजूला लावून झाले आणि बोट ओलं घेऊन सवयीने रॅककडे आले. समोर मी. बोट हवेत. त्यांना मागे घेता येईना आणि मला बाजूला होता येईना.

तेवढ्यात मामा मधे आले. टोपी काढली आणि ते भलंमोठं टक्कल शेठसमोर खाली वाकवलं.

"इथे लावा, शेठ. याच्यावर कसलाच रंग नाय."

शेठने लावलं. आधी हळद, मग कुंकू. जरा जास्तच वेळ बोट तिथे ठेवलं. मामा वर झाले तेव्हा शेठ म्हणाले, "पुसू नको." मग ताट घेऊन घाईघाईने संगणकाकडे गेले.